बातमी आधी घरी

देवकी,

तुझ्यावरचे मृत्युलेख मी वाचले. तारखा बरोबर आहेत. नेमणुकांचा क्रम बरोबर आहे. जामसर जव्हार तालुक्यात आहे, मोखाड्यात नाही, हेही सगळ्यांनी बरोबर छापलं आहे. जिवंतपणी ही दुरुस्ती तुला दर वेळी करावी लागायची. एका दैनिकानं तुला 'निर्भीड' म्हटलं आहे. हा शब्द तू माझ्या बातमीच्या कॉपीतून नेहमी काढायला लावायचीस. "निर्भीड म्हणजे काय रे डेस्क? मला कुत्र्यांची भीती वाटते. ते लिही."

एक गोष्ट मात्र त्या लेखांत नाही, आणि तिच्याबद्दल ऑफिसात मला विचारणा झाली. तुझ्या जाण्याची बातमी आपल्याच वृत्तसंस्थेनं उशिरा सोडली. आपली वार्ताहर, आपल्या घरची बातमी, आणि आपणच मागे. उशिरा आलेल्या कॉपीवरून मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो की या उशिराचं कारण मला तुला तरी द्यायला हवं. ते शेवटी येईल. तू असतीस तर म्हणाली असतीस, डेस्कच्या माणसानंच मुख्य मुद्दा तळाला टाकला, आता याला काय म्हणायचं.

आपली ओळख एका बुडालेल्या माणसामुळे झाली. मी मुंबईत जिल्ह्यांच्या डेस्कवर होतो. तू मोखाड्याची वार्ताहर होतीस. मानधन एवढं की त्याबद्दल न बोललेलंच बरं. तहसील कचेरीच्या समोरच्या चहाच्या टपरीवर तुझं ऑफिस होतं, असं तूच सांगायचीस. दाभोशातला एक मजूर नदीत वाहून गेल्याची बातमी आली. काठावर त्याचा शर्ट आणि चपला सापडल्या होत्या. बाकी सगळ्यांनी बातमी दिली. मी तुला फोन केला.

"तुझी कॉपी कुठाय?"

"जीपमध्ये."

"कॉपी जीपमध्ये?"

"मी जीपमध्ये. दाभोशाला चाललेय. त्याच्या घरी बसून आल्याशिवाय देणार नाही."

मी आवाज चढवला. तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी तुझी कॉपी आली. माणूस जिवंत होता. बायकोशी भांडून कामासाठी भिवंडीला निघून गेला होता. तिचं म्हणणं तू जसंच्या तसं लिहिलं होतंस: "बुडायला कोन नवा शर्ट घालून जातो? जुना काठावर टाकला न् नवा घालून गेला. नव्या चपलाही नेल्यान. पेपरात मेला म्हनतान काय? येऊ दे घरी, मंग बघते त्याला." आम्ही ती चालवली. बाकीच्यांना खुलासे छापावे लागले. संध्याकाळी तुझा फोन आला. "काय डेस्क, मिळाली का कॉपी? जीपमधून उतरली एकदाची." त्या दिवसापासून तू मला डेस्कच म्हणत आलीस. माझं नाव तुझ्या तोंडून मी फार थोड्या वेळा ऐकलं.

मला तेव्हा वाटलं की हा नशिबाचा भाग आहे. ती एक पद्धत आहे हे मला जामसरला तुमच्या ओट्यावर बसल्यावर कळलं. कुठल्याशा दौऱ्यावरून परतताना तू मला घरी नेलंस. तुझे वडील, नवसूबाबा, भाताच्या पेंढ्याची दोरी वळत बसले होते. परक्या माणसासाठी ते जरा सावकाश, निवडून मराठी बोलत, आणि शब्द अडला की घरच्या बोलीत तुला सांगत. पाड्यावर कुणी गेलं की नात्यातल्या गावांना कळवायला कुणीतरी पायी जावं लागे. कित्येक वर्षं ते काम त्यांच्याकडे होतं. सांगावा न्यायचं काम.

"त्याची रीत आहे," ते म्हणाले. "गेल्याचा तोंड पाहल्याबिगर निघायचा नाय. वाटेत कोनी विचारला, कठं चाललास, तरी सांगायचा नाय. ज्याचा मानूस, त्याला आधी. मंग दुसऱ्याला."

"आणि पोचल्यावर?"

"घरात शिरायचा नाय. ओट्यावर बसायचा न् पानी मागायचा."

मी म्हटलं, पाणी तर आलेल्याला कुणीही देतंच. तेव्हा तू मध्ये बोललीस. "तेच तर. पाहुण्याला पाणी न मागता मिळतं. सांगावा आणणारा मागून घेतो. त्यानं पाणी मागितलं की घर काय ते समजतं. बाई आत जाते, हंड्यातून पाणी काढते, जरा उभी राहते. तेवढा वेळ तिचा. मग ती बाहेर येते, तो पितो आणि सांगतो."

नवसूबाबा हसले. "पन एक झाला. मी लांबून येताना दिसलो का बाया रडायला लागत. एकदा लग्नाचा सांगायला गेलो, तं अख्खं घर छाती पिटाय लागला. तवापासून लग्नाचा काम दुसऱ्याला दिला."

मी म्हटलं, पुरवणीसाठी मजकूर चांगला आहे. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी तो विषय सोडला. तो मजकूर मी कधी लिहिला नाही. आज लिहितो आहे.

त्यानंतर तू मुंबईला आलीस, दिल्लीला गेलीस, आणि शेजारच्या एका देशाच्या राजधानीत जायला कुणी तयार नव्हतं तेव्हा हात वर केलास. निवड समितीतल्या एकानं विचारलं, "मोखाड्याचा अनुभव तिथे काय उपयोगाचा?" तू म्हणालीस, "तिथेही बाजार भरतच असेल ना, सर?" लोक हसले. त्यांना ते विनोदानं म्हटल्यासारखं वाटलं. तू मात्र तिथे गेल्यावर खरोखर दर आठवड्याला बाजारात जाऊन बसायला लागलीस. फोनवर मला सांगायचीस, "बाजारात कोण आलं हे सगळेच बघतात, डेस्क. कोण आलं नाही ते बघायचं. मोखाड्याच्या बाजारात एखाद्या पाड्याची माणसं दिसली नाहीत की मी त्या पाड्यावर जायचे. काहीतरी झालेलं असायचंच." त्या शहरात एका आठवड्यात डोंगराकडचे हमाल बाजारात दिसेनासे झाले. तू त्यांच्या वस्तीवर गेलीस, आणि असंतोषाची पहिली बातमी आपण दिली. तिथल्या पक्षांच्या पुढाऱ्यांना तेव्हा त्याची कल्पनाही नव्हती. त्या बातमीबद्दल मी तुझं अभिनंदन केलं होतं. ते मनापासून होतं. फोनवर तसं वाटलं नसेल, कारण लगेच मी तुला दुसरा परिच्छेद छोटा करायला सांगितलं.

तू पुढे आणखीही देश पाहिलेस. हा शेजारचा देश कोणता, हे मी इथे लिहीत नाही. तुझ्या दुभाष्याची बायको अजून तिथेच राहते आणि तिनं लिहू नका म्हणून सांगितलं आहे. त्याचंही नाव लिहीत नाही. तू त्याला मास्तर म्हणायचीस, तेवढं पुरे. शाळेतून निवृत्त झालेला, सडपातळ, छत्रीशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस. त्याची हिंदी सिनेमातून आली होती, तुझी जव्हारच्या बसस्टँडवर आणि ठाण्याला कामाला जाऊन आलेल्या चुलत्यांकडून. एकदा फोन चालू ठेवून तू मला तुमचं बोलणं ऐकवलं होतंस.

"बहनजी, आप सवाल बहुत छोटा पूछती हैं।"

"मास्तर, जवाब लंबा आता है ना।"

"वो तो मुझे पूरा ट्रान्सलेट करना पड़ता है!"

तुझ्या नागलीच्या, आमच्या मुंबईच्या भाषेत नाचणीच्या, पिठाची त्यानंच विमानतळावरून सुटका केली होती. कस्टमचा माणूस ते तपकिरी पीठ हुंगत बसला होता. मास्तरनं त्याला सांगितलं की हे बाईंचं औषध आहे, हे घेतलं नाही तर त्या फार प्रश्न विचारतात.

मग उठाव झाला. आधी विद्यार्थी रस्त्यावर आले, मग हमाल, मग सरकारी कारकून. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, चौकाचौकात लष्कर उभं राहिलं. परदेशी पत्रकारांना एका हॉटेलात राहायला सांगितलं गेलं आणि बाहेर पडाल तर जबाबदारी तुमची, असंही. बरेच जण गच्चीवरून दिसणाऱ्या धुराचं वर्णन पाठवत होते. तू त्यांची चेष्टा केलीस तेव्हा मी म्हटलं होतं, गच्चीवरून दिसणारा धूरही खराच असतो. माझं अजूनही तेच मत आहे. पण वाचक म्हणून मी तुझ्याच बातमीची वाट पाहायचो, हेही खरं आहे.

त्या दिवशी तू आणि मास्तर पुलाजवळच्या मोर्चात होतात. गर्दीत मोकळं फिरता यावं म्हणून तू तुझी पिशवी त्याच्या खांद्याला दिली होतीस. ओळखपत्र त्यात होतं. गोळीबार झाला. पळापळीत तुम्ही वेगळे झालात. पिशवी रस्त्यावर सापडली, रक्तानं भिजलेली. तिथल्या कुणीतरी ओळखपत्र वाचलं, आणि एका परदेशी वृत्तसंस्थेनं बातमी सोडली: भारतीय महिला पत्रकार ठार. खाली तुझं नाव, स्पेलिंग चुकलेलं.

ती ओळ मी दुपारी पाहिली. थोड्याच वेळात वाहिन्यांवर तुझा फोटो आला, कुठल्या तरी कार्यक्रमातला, हातात नारळ घेतलेला. संपादक माझ्या टेबलाशी आले.

"सगळे चालवतायत. आपलीच वार्ताहर आहे. आपण कधी सोडायची?"

मी म्हटलं, "तोंड कुणी पाहिलंय?"

त्यांना ते समजल्यासारखं दिसलं नाही. मग मी नेहमीच्या भाषेत सांगितलं की मृतदेहाला दुजोरा नाही, रुग्णालय नाही, साक्षीदार नाही; जे आहे ते फक्त एक ओळखपत्र. ते म्हणाले, "ठीक. जबाबदारी तुझी." आपण ती सोडली नाही. पुढे तू म्हणायचीस, "बाकी सगळीकडे मेले, फक्त आपल्या वृत्तसंस्थेच्या वायरवर जिवंत राहिले." त्यात भावनेचा भाग नव्हता, असं मी तुला सांगत आलो.

जामसरला मी जीपवाल्या पांडूला फोन लावला. त्यानं टीव्ही पाहिला होता. पाडा तुमच्या दारात जमला होता. नवसूबाबा शेतात नागलीतलं तण काढत, बेणणी करत होते, पांडू त्यांना सांगायला गेला होता. तिथे काय झालं ते त्यानं मला फोनवर सांगितलं.

"मी म्हटला, बाबा, देवकी गेली, टीव्हीवर दाखवतान. तं मला म्हने, कोनी पाहला? मी म्हटला, टीव्हीवाला सांगतो. म्हने, टीव्हीवाल्यान तिचा तोंड पाहला का? मी म्हटला, नाय. मंग म्हने, बायांना सांग, रडू नका, घरी जा, बेणणी राहलीय."

"मग आता कुठे आहेत?"

"शेतातच हाय. पन साहेब, बेणीत नाय तो. विळा हातात घेऊन नुसता बसलाय. मी पानी नेला, तं माझ्यावर ओरडला. म्हने, मी मागला का तुझ्याकडं पानी?"

संध्याकाळी डेस्कवरचा फोन वाजला. मी उचलला.

"डेस्क, कॉपी घे."

"देवकी."

"घे ना. लाइन कधी जाईल सांगता येत नाही."

"तू जिवंत आहेस."

"ते पहिल्या परिच्छेदात नको. लिही."

तू सांगितलंस आणि मी टाइप केलं. पुलावरचा गोळीबार, रुग्णालयाच्या व्हरांड्यात ओळीनं झाकून ठेवलेली माणसं, आणि त्यांच्यातला एक निवृत्त शिक्षक, ज्याच्या छत्रीची मूठ हातातून सुटत नव्हती म्हणून ती तशीच ठेवली होती. त्या सगळ्या मजकुरात 'मी' हा शब्द एकदाही आला नाही. मी तो पुन्हा वाचला. नवा उमेदवार आला की आजही त्याला आधी तीच बातमी वाचायला देतो.

पण त्या बातमीच्या आधीचा अर्धा दिवस तू कुठे होतीस, हे तू परत आल्यावर कळलं, आणि आपलं भांडण तिथे सुरू झालं.

जव्हारला बसस्टँडसमोर आपण भजी खात होतो. तू अगदी सहज सांगितलंस. रुग्णालयात तू मास्तरचं तोंड पाहिलंस. मग त्याच्या घराकडे चालत निघालीस. त्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, संचारबंदी होती, त्यामुळे गल्लीबोळातून. वाटेत तुमचं हॉटेल लागलं. तिथला फोन चालू होता. दारातून तुला लोक रांगेत फोन करताना दिसले. तू पुढे गेलीस.

"पुढे गेलीस?"

"त्याच्या बायकोला सांगायचं होतं."

"एक फोन, देवकी. 'मी आहे', दोन शब्द. आणि गोळीबाराची बातमी. ती जगाला हवी होती. बाकीच्यांना ती तुझ्या मागून मिळाली असती."

"आणि मास्तरचं नाव?"

"मी रोखलं असतं."

"तू रोखलं असतंस. तुझ्या पुढच्या शिफ्टनं?"

तू भजी माझ्याकडे सरकवलीस. "तिथे सगळे परदेशी रेडिओ ऐकतात, डेस्क. नेट बंद होतं ना. मी नाव सांगितलं असतं तर तासाभरात रेडिओवर आलं असतं. ती स्वयंपाकघरात ऐकत बसलेली असायची, मास्तरच सांगायचा. तिनं ते तिथून ऐकायचं?"

"नाव न सांगता दिली असतीस."

"निवृत्त शिक्षक, दुभाषा, छत्री. किती आहेत असे त्या शहरात?"

मग मी ते म्हटलं जे मला खरं म्हणायचं होतं. तुझे वडील अर्धा दिवस नागलीत बसून होते.

"बाबानं मानलं नव्हतं," तू म्हणालीस.

"विळा हातात घेऊन बसले होते. पाणी आणलं तर ओरडले. याला मानलं नव्हतं म्हणतात?"

"आणि तू? तू मानलं होतंस?"

"दुजोरा नव्हता."

"ते नाही विचारलं."

तेवढ्यात तुझी जीप भरली. ड्रायव्हर "मोखाडा, मोखाडा" ओरडत होता. तू उठलीस आणि म्हणालीस, "राहू दे. हे तुला असं सांगून कळायचं नाही." पुढे बऱ्याचदा आपण त्या विषयावर आलो. तू बातमीच्या मालकीचं बोलायचीस, मी वाचकाच्या हक्काचं. दोघंही त्याच वाक्यांवर थांबायचो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी कधी दिलं नाही. आता देतो. त्या दुपारी 'दुजोरा नाही' म्हणत असतानाच मी तुझा मृत्युलेख लिहिला होता. चार परिच्छेद. तारखा तपासून, नेमणुकांचा क्रम लावून, जामसर जव्हार तालुक्यात टाकून. गेल्या आठवड्यात सगळीकडे छापून आला तो तोच. फक्त पुढच्या नेमणुका जोडल्या आणि मृत्यूची तारीख व गावाचं नाव मी बदललं.

मास्तरच्या घरी गेल्यावर काय झालं, हे तू एकदाच सांगितलंस. तू जिन्याच्या पायरीवर बसलीस. मास्तरची बायको म्हणाली, आत या. तू पाणी मागितलंस. त्या देशात ती रीत नाही. पण तू नेहमी आत जाऊन बसणारी, चहाच्या भांड्यात डोकावणारी बाई, दारात बसून पाणी मागतेस म्हटल्यावर ती थांबली. मग आत गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला. आली तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर नीट केलेला होता.

पुढे दर ईदला तुमचा फोन व्हायचा. नवसूबाबांना तिनं एक शालही पाठवली होती. ते ती थंडीत वापरायचे नाहीत, कुणी आलं की दाखवायला काढायचे.

मागच्या महिन्यात तू रजेवर घरी गेलीस. बाबांना दिसायला कमी आलंय, जरा राहते, म्हणालीस. बातम्या पुरवायचं बंद केलं नाहीसच. जामसरच्या रस्त्याबद्दल एक तक्रारवजा मजकूर पाठवलास आणि वर लिहिलंस, 'परराष्ट्र वार्ताहराकडून'. मी तो तीन ओळींत बसवून सोडला. तू फोन करून ओळी मोजल्यास.

त्यानंतर एका दुपारी गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. "एक आजोबा आलेत, सर. तुमचं नाव सांगतात. काम विचारलं तर सांगत नाहीत. जव्हारहून आलोय म्हणतात."

मी खाली उतरेपर्यंत त्यांना कुणीतरी वर पाठवलं होतं. डेस्कच्या काचेच्या दाराबाहेर, जिथे कुरिअरवाले पाकिटं देतात, त्या बाकावर नवसूबाबा बसले होते. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. खांद्यावर ती शाल होती, भर उन्हाळ्यात.

"बाबा, बाहेर काय बसलात? आत या."

"नको. हितंच बरा."

आमच्या शिपायानं तोपर्यंत पाण्याचा जग उचलला होता. नवसूबाबांनी हातानं त्याला थांबवलं. माझ्याकडे पाहिलं.

"तू दे. पानी दे मला."

पाण्याचा कूलर हॉलच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी चालत गेलो. दोन्ही बाजूंना पडदे चालू होते, बातम्या वाहत होत्या, कुठल्या तरी देशात निवडणूक, कुठे पूर. मी प्रत्येक पडदा पाहिला. त्यातल्या एकावरही तू नव्हतीस. एवढ्या बातम्यांमधून रोज हात फिरवणारा मी, आणि ही एक बातमी त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हती. ती बाकावर बसली होती आणि माझी वाट पाहत होती. पेला भरला. मी तिथे उभा राहिलो. कुणीतरी विचारलं, "सर, बरं आहे ना?" मी हो म्हटलं. तेवढा वेळ माझा होता, देवकी. कशासाठी असतो तो वेळ, हे मला बसस्टँडवर कळलं नव्हतं.

त्यांनी सगळं पाणी प्यायलं. पेला बाकावर ठेवला.

"काल सकाळी चूल पेटवली तिनी. चहा ठेवला. मंग भिंतीला टेकून बसली. मला वाटला, दम खाते. मी पाहून आलो. माझ्या हातानी डोळे मिटले. काल सगळा झाला. तुला सांगाय आलो."

"आणखी कुणाला कळवलंय?"

"पाड्याला माहीत. बाकी कोनाला नाय. पांडू म्हने, फोन करू साहेबाला. मी म्हटला, मी जिता हाय तंवर फोन कशाला?"

दिसायला कमी आलेला तो माणूस जीपनं, एसटीनं, विचारत विचारत मुंबईत आला होता, कारण त्याच्या हिशोबात माझं घरही कळवायच्या घरांत होतं. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. उठताना त्यांनी शालीच्या टोकाला हात लावला.

"ह्या बाईला कोन सांगल?"

मी म्हटलं, "बाबा, मी तोंड पाहिलेलं नाही."

"मी पाहला ना? तुला तोंडानी सांगला ना? मंग? आता ते तुझ्याजवळ हाय. जा."

त्यांना एसटीत बसवून मी परत आलो आणि दुसऱ्या दिवशीचं विमान बघितलं. डेस्कवर कुणाला काही बोललो नाही. बातमी माझ्या खिशात होती आणि मी ती सोडत नव्हतो. असं मी नोकरीत कधी केलं नव्हतं. भांडण मी हरलो, असं मात्र समजू नकोस. तुझ्या वडिलांना अर्धा दिवस नागलीत बसवणं मला अजूनही मान्य नाही. तू हॉटेलातून दोन शब्द बोलायला हवे होतेस. ते मी पुढेही म्हणत राहणार. पण नाव रोखून त्या घराकडे चालत जाणं, यात तू बरोबर होतीस. कूलरपासून बाकापर्यंत येताना मला ते पटलं.

मास्तरचं घर तू सांगितलं होतंस तसंच आहे. खाली औषधाचं दुकान, मग अरुंद जिना. मी दार वाजवलं. ती आली. मला तिनं पूर्वी तुझ्या फोनवर पाहिलं होतं, त्यामुळे ओळखलं आणि हसली. "आइए, अंदर आइए।"

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"पानी मिलेगा?"

तिचं हसू तसंच राहिलं, थोडा वेळ, मग गेलं. दाराची चौकट धरून ती माझ्याकडे पाहत राहिली. मग आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, मग काहीच आवाज आला नाही. मी घाई केली नाही. बाहेर आली तेव्हा तिनं पदर नीट केलेला होता, आणि हातात दोन पेले होते. एक मला दिला, दुसरा घेऊन ती माझ्या बाजूला पायरीवर बसली.

मी प्यायलो आणि सांगितलं.

नंतर खालच्या औषधाच्या दुकानातून डेस्कला फोन लावला. माझा मोबाइल खिशात होता. तरी दुकानातूनच लावला; त्या संध्याकाळी तूही इथूनच लावला होतास. नव्या शिफ्टची मुलगी होती.

"सर, तुम्ही कुठे आहात? आम्ही सकाळपासून शोधतोय. जव्हारहून कुणीतरी विचारतंय, देवकीमॅडमबद्दल काही—"

"कॉपी घे," मी म्हटलं.

"म्हणजे खरं आहे? कधी? सर, आपल्याला इतका उशीर का झाला?"

"घरी सांगायचं होतं. सांगून झालं. आता घे."